वहीपुरती अक्षरे

प्रत्येक विद्येची स्वतःची एक खासगी बोली असते. डॉक्टरांची असते, वकिलांची असते, तशीच पक्षीनिरीक्षकांचीही असते. ती कुठे वापरावी, हा वरवर सोयीचा प्रश्न दिसतो. आम्हाला तो नीतीचा वाटतो.

अमेरिकेत पक्ष्यांच्या पायांत कडी घालणाऱ्या अभ्यासकांनी नोंदींसाठी चार अक्षरांचे संकेत रूढ केले. इंग्रजी नाव दोन शब्दांचे असेल तर प्रत्येक शब्दाची पहिली दोन अक्षरे घ्यायची. ‘अमेरिकन रॉबिन’ झाला ‘एएमआरओ’. ‘रेड-टेल्ड हॉक’, म्हणजे तांबड्या शेपटीचा एक शिकारी पक्षी, झाला ‘आरटीएचए’. एका हातात धडधडणारा जीव आणि दुसऱ्या हातात पेन्सिल असताना लांबलचक नाव कोण लिहीत बसेल? तिथे थोडक्यात लिहिणे ही त्या पक्ष्यावर केलेली दयाच होय.

अडचण येते ती हे संकेत वहीतून ओठांवर आल्यावर. माळावर दहा माणसे उभी आहेत. एक जुना जाणता ‘आरटीएचए’ म्हणतो. आठ जण माना वर करतात आणि दोघे नवखे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पूर्ण नाव कानी पडले असते, तर त्यांनीही आभाळात ती तांबडी शेपटी शोधली असती. आपल्याकडचेच पाहा ना. पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी, ठोके घातल्यासारखा आवाज काढणारा तो तांबट. अत्तार, पिंजारी, मणियार ही नावे जशी धंद्यावरून पडली, तशीच ही. ज्याने तो पक्षी कधी पाहिला नाही, त्यालाही नावातून काहीतरी कळते.

कोणी म्हणेल, नावे बदलतात, संकेत मात्र पक्के. तेही खरे नाही. ‘कॅनडा गूज’ आणि ‘कॅकलिंग गूज’ यांचे संकेत नियमाने एकच येतात, म्हणून दोघांसाठी नियमाबाहेरची अक्षरे ठरवावी लागली. गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या मॅककाउन या सेनापतीचे नाव एका छोट्या पक्ष्याला होते. २०२० साली ते बदलले आणि संकेतही बदलला. नावाच्या जिवावर जगणारी अक्षरे नावापेक्षा टिकाऊ कशी ठरतील?

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. सलीम अलींच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून असंख्य पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. कड्यावरचा क्रमांक अभ्यासकासाठी असतो. पण त्याच इवल्याशा कड्यावर सोसायटीचे नाव आणि ‘कळवा’ अशी विनंतीही कोरलेली असते. ती कोणासाठी? दूरदेशी ज्या शेतकऱ्याला किंवा कोळ्याला तो पक्षी सापडेल, त्याच्यासाठी. त्याने कळवलेच नाही, तर त्या क्रमांकाला अर्थ उरत नाही. जाणत्यांची विद्याही अखेर अशा अनोळखी माणसाच्या भरवशावर उभी असते.

वही आपली असते, तिच्यात हवी ती अक्षरे लिहावीत. बोलणे मात्र ऐकणाऱ्याचेही असते. शेजारी नवखा माणूस उभा असेल, तर पक्ष्याचे पूर्ण नाव घ्यावे. त्याला दोन क्षण अधिक लागतात, पण तेवढ्याने तो माणूस आपल्यातला होतो.