किती चुकलो, हे सांगणारे शास्त्र

गणित म्हणजे बिनचूक उत्तर, ही समजूत शाळेतच पक्की होते. उत्तर जुळले तर पैकीच्या पैकी, नाही जुळले तर भोपळा. गणिताचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. आपले उत्तर सत्याच्या किती जवळ आहे, याचा हिशेब ठेवायला माणूस हळूहळू शिकला आणि विज्ञानाला गणिताचा खरा आधार मिळाला तो त्या हिशेबामुळे. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यासारख्या कोरडवाहू तालुक्यात तर या हिशेबाचा संबंध थेट शेतकऱ्याच्या बँक खात्याशी येतो.

या विचाराची एक जुनी खूण आपल्या मातीतच सापडते. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त वर्तुळाचा परीघ काढण्याच्या दोन रीती दिल्या. एक 3927 भागिले 1250 या गुणोत्तराची, सूक्ष्म. दुसरी 22 भागिले 7 ची, स्थूल, पण व्यवहाराला पुरेशी. वीस हात व्यासाची विहीर बांधायची असेल तर दोन्ही उत्तरांत अर्ध्या इंचाचाही फरक पडत नाही. हजार हात व्यासाचे वर्तुळ घेतले की तोच फरक सव्वा हातावर जातो. कोणते उत्तर कुठे चालेल, हे उत्तरासोबतच सांगण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. समाजालाही या विद्येची किंमत कळत होती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला. त्याची नोंद करणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

वर्तुळाच्या परिघाची दोन्ही गुणोत्तरे माहीत असल्याने त्यांतला फरकही माहीत होता. खरे उत्तर ठाऊकच नसेल तेव्हा काय करायचे? हा प्रश्न युरोपात आकाशाचे वेध घेताना ऐरणीवर आला. 1801 च्या जानेवारीत सेरेस हा लघुग्रह दिसला आणि काही आठवड्यांनी सूर्याच्या तेजात हरवला. हाती होते ते मोजकेच वेध, आणि प्रत्येकात थोडी चूक होतीच. चोवीस वर्षांच्या गाउस या गणितज्ञाने त्यांवरून कक्षा मांडली. वर्ष संपता संपता सेरेस पुन्हा दिसला, तो त्याने सांगितलेल्या जागेजवळच. 1809 मध्ये त्याने आपली पद्धत ग्रंथात मांडली. एकटी चूक कोणत्या बाजूला पडेल ते सांगता येत नाही, पण अनेक चुकांचा मिळून एक नियम असतो. विज्ञानाची मोजमापे या विचारावर उभी राहिली.

हाच विचार शेताच्या बांधावर आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पीक किती आले हे पूर्वी आणेवारीने ठरे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आणि ते ठरवायचे अधिकाऱ्याच्या नजरेने. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणीच्या नमुना पाहणीचे शास्त्र उभे करण्यासाठी मोलाचे काम केले. शेत कोणाच्या मर्जीने न निवडता चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, त्यात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढे पीक कापून, मळून, वजन करायचे. चौकोन फार लहान असेल तर कडेची रोपे आत ओढली जातात आणि उत्पादन फुगते, हे त्यांनी 1946 मध्ये दाखवून दिले. म्हणजे चुका दोन जातींच्या. एक नमुने वाढवले की घटते. दुसरी पद्धतीतच मुरलेली असते आणि हजार कापण्या केल्या तरी हटत नाही.

अंदाजाची मर्यादा समाजाने कानाआड केली की काय होते, हे लातूर-धाराशिवने पाहिले आहे. भूकंपाच्या जुन्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. कमी धोका म्हणजे धोका नाही, असेच सगळे धरून चालले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, अशीच घरे उभी राहत गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात ती कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. 2002 च्या सुधारित नकाशातून ते सर्वांत खालचे क्षेत्रच काढून टाकण्यात आले.

अंदाजाच्या मर्यादेचा हाच प्रश्न पीकविम्यातही येतो. आज निलंगा तालुक्यातल्या सोयाबीनचा विमा महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरतो. आधीच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला योजनेत ठरलेल्या जोखीमस्तराच्या टक्केवारीने गुणून उंबरठा उत्पादन काढतात. यंदाची सरासरी त्याखाली गेली तर भरपाई. 2016 च्या योजनेत मंडळासाठी किमान दहा पीक कापणी प्रयोग सांगितले होते. दहा कापण्यांवरून अख्ख्या मंडळाबद्दल काही बोलता येते, हे गणिताचे बळ आहे. पण अनिश्चितता निम्मी करायची तर कापण्या चौपट, म्हणजे चाळीस कराव्या लागतात, हेही तेच गणित सांगते. शिवाय ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे उघाड, हे आपल्याकडे नित्याचे. मंडळाची सरासरी खरी असली तरी ती एखाद्या शेताचे उत्पादन सांगत नाही. तसा दावा गणिताने कधी केलेला नाही. तो आपण त्याच्या नावावर खपवतो. निकाल उंबरठ्याच्या किंचित वर आला आणि भरपाई नाकारली गेली, तर तो ‘किंचित’ अंदाजाच्या चुकीत मावतो का, हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. मंडळाचे सरासरी उत्पादन जाहीर करताना ते किती कापण्यांवरून आले आणि किती इकडेतिकडे असू शकते, हे आकडेही ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. कापणीच्या वेळी गावकऱ्यांनी शेतात हजर राहावे. आणि शाळेत गणित शिकवताना उत्तरासोबत त्या उत्तराचा भरवसाही मुलांना शिकवावा. आकड्यापुढे मान तुकवण्याआधी तो कसा आला हे विचारणारा नागरिक घडला, तरच गणित समाजाच्या कामी आले म्हणायचे.