कमरेएवढ्या पाण्यात

निवांत बसा. श्वास त्याच्या गतीनं चालू द्या. अंगावर सोनं असेल, अंगठी, मंगळसूत्राच्या वाट्या, कानातलं काही, तर त्याला हलकेच बोट लावा. थोडा वेळ नुसता तो स्पर्श जाणवू द्या. मग हात खाली घ्या आणि एक नदी मनासमोर आणा.

ब्राझीलच्या आतल्या डोंगराळ मुलखात, पुढं ज्याला मिनास जेराइस म्हणू लागले तिथं, 1690 नंतरच्या वर्षांत ओढ्यांच्या वाळूत सोनं सापडलं. ते शोधणारे साओ पाउलोकडून आलेले बांदेइरांते. महिनोन्‌महिने रान तुडवणारी ही माणसं धाडसी होती, यात शंका नाही. पण त्यांनी या वाटा पाडल्या होत्या कशासाठी, हेही मनात धरा. तिथल्या मूळ रहिवाशांना पकडून गुलाम करायला ते पिढ्यान्‌पिढ्या रानात शिरत आले होते.

इथं जरा थांबा. 1697-98 मध्ये आणि पुन्हा 1700-01 मध्ये या खाणींच्या मुलखात उपासमार झाली. पेरायला कुणी थांबलंच नव्हतं, जो तो वाळू उपसत होता. कनवटीला सोन्याची पूड बांधलेली माणसं अन्नावाचून मेली. मूठभर सोनं आणि रिकामं पोट, दोन्ही एकदम मनात ठेवून पाहा. निवाडा करायची घाई नको. त्यांची दया आली तर येऊ द्या; त्या दयेनं पुढचं काही झाकलं जात नाही.

आता सावकाश नदीत उतरा. कमरेएवढं गार पाणी, माथ्यावर ऊन. हातात बातेया, काठवटीसारखं पसरट लाकडी भांडं. वाळू आणि पाणी गोल फिरवायचं. हलकं ते काठावरून वाहून जातं, जड ते तळाशी बसतं. पुन्हा भरायचं, पुन्हा फिरवायचं. तुमचा श्वास त्या फिरण्याबरोबर चालू द्या. हे काम सकाळी सुरू झालंय आणि अंधार पडेपर्यंत चालायचंय. उद्याही. तुमची मर्जी कुणी विचारलेली नाही.

ज्या मनगटांना ही चाल अवगत होती, ती बरीचशी पश्चिम आफ्रिकेतली होती. तिथं सोनं धुण्याची कला जुनी. ‘मिना’ किनाऱ्यावरून जहाजांत भरून आणलेल्या माणसांना सोन्याची जाण असते, अशी मालकांची ठाम समजूत होती आणि त्यांना मागणीही तशीच होती. माणसाबरोबर त्याची विद्याही बाजारात विकली जात होती, आणि शोधाचं श्रेय मात्र वाट काढणाऱ्याच्या नावावर लागत होतं. या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त टोचते ती ही गोष्ट. तिच्यापाशी तुम्हीही थोडं थांबा.

निघालेल्या सोन्याचा पाचवा हिस्सा पोर्तुगालच्या राजाचा. 1735 पासून काही वर्षं तर गुलामांची डोकी मोजून कर घेत, सोनं निघो न निघो. गादीवर होता पाचवा जुआंव. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, ती याच राजाकडून. वसईच्या तटापाशी उभं राहिल्यावर मिनासच्या नद्या आपल्याला आठवत नाहीत. तो किल्ला आणि त्या नद्या एकाच धन्याच्या ताब्यात होत्या.

पुन्हा काठाकडे पाहा. पाट्यांत खाण्यापिण्याचे जिन्नस घेऊन काळ्या बाया येताहेत, काही गुलाम, काही सुटलेल्या. पाण्यातला एखादा जण लपवलेली चिमूटभर पूड देतो आणि पोटाला काही घेतो. सरकारनं या बायांना खाणींजवळ फिरकायला पुन्हापुन्हा बंदी केली. त्या येतच राहिल्या.

काही जणांना रविवारी, सणावारी स्वतःसाठी सोनं धुता येई. त्यातून हप्त्याहप्त्यानं मालकाला पैसे देऊन सुटका विकत घेण्याची रीत होती. ती माणसं मनात आणा. ‘माझी किंमत किती? ती ठरवली कुणी? आणि माझ्याच घामानं ती मीच का भरायची?’ हा प्रश्न काही श्वास तसाच राहू द्या, उत्तर शोधू नका. ओरो प्रेतो गावात शिको रेईची गोष्ट सांगतात: आफ्रिकेतला राजा, इथं गुलाम झाला, आधी स्वतःला आणि मग आपल्या माणसांना सोडवून घेतलं. दंतकथाच आहे ती. पण ती ज्यांनी जपली, त्यांना शोध लावणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव नाही हे पक्कं ठाऊक होतं. कित्येकांनी हप्ते भरलेच नाहीत. ते पळाले आणि रानात किलोंबो, म्हणजे पळालेल्यांच्या वस्त्या, वसवून राहिले. मला तेही तितकेच वाटा पाडणारे वाटतात.

डोळे मिटले असतील तर उघडा. ब्राझीलमधली गुलामगिरी 13 मे 1888 रोजी संपली, अमेरिका खंडांत सगळ्यात शेवटी. त्या कायद्यात दोनच कलमं होती. पहिल्यानं गुलामगिरी रद्द केली, दुसऱ्यानं तिच्या विरुद्ध जाणारे सगळे नियम. सुटलेल्यांना जमीन, बुडालेली मजुरी किंवा भरपाई देणारं तिसरं कलम नव्हतं.