ढोलांनी जुळवलेलं नातं

दोन संगीतांची सरमिसळ म्हटली की आपल्याला ती कुणाची तरी हौस वाटते. ब्राझीलचा सांबा आणि जमैकाचं रेगे यांतून ब्राझीलच्याच साल्वादोर शहरात जन्मलेलं सांबा-रेगे मात्र हौसेतून आलेलं नाही.

आफ्रिकेतून पकडून आणलेली लाखो माणसं या शहराच्या बंदरात उतरवली गेली. गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपली. पण १९७०च्या दशकातही कार्निव्हलच्या बड्या मंडळांत काळ्या माणसाला सभासद म्हणून शिरकाव मिळणं जवळपास अशक्यच होतं. मग १९७४ मध्ये लिबेरदादे भागातल्या तरुणांनी 'इले आये' हे कृष्णवर्णीयांचं स्वतःचं मंडळ काढलं. देशात तेव्हा लष्करी राजवट. पुढच्या वर्षी मंडळ रस्त्यावर उतरलं, तर वंशद्वेषाचा ठपका उलट त्यांच्यावरच आला!

याच काळात जमैकाच्या बॉब मार्लीची रेगे गाणी तिथे पोचत होती. जमैकाही गुलामांच्या घामावर उभा राहिलेला देश. इंग्रजी शब्द सगळ्यांना कळत नसतील, पण आपल्यासारखाच भोग भोगलेला माणूस गातो आहे, हे ओळखायला भाषा लागत नाही. मला ही ओळख फार महत्त्वाची वाटते. साल्वादोरच्या कृष्णवर्णीयांनी रेगे उसनं घेतलं नाही. दूरच्या भावाला घरात घ्यावं तसं घेतलं.

१९७९ मध्ये साल्वादोरच्याच पेलोरिन्यो या वस्तीत 'ओलोदुम' हे मंडळ सुरू झालं. इथेच एके काळी गुलामांना खांबाला बांधून चारचौघांत फटके मारत. ओलोदुमच्या ढोलांची सूत्रं हाती घेतली नेगिन्यो दो सांबा यांनी, आणि १९८०च्या दशकात नवा ताल घडला. त्यांनी सांबाची लय उतरवली. सुर्दो हे मोठे ढोल वेगवेगळ्या उंचीच्या सुरांत लावले. एक खालून घुमतो, दुसरा त्याला उत्तर देतो. त्यांच्यावर रेपीकी हा छोटा ढोल दोन बारीक, लवचिक काठ्यांनी कडाडतो. रेगेत गिटार ठोक्यावर न वाजता दोन ठोक्यांच्या मधे खटका देते. तो खटका इथे ढोलांनी उचलला. गिटार लागलीच नाही.

पुढे जगाचं लक्ष गेलं: १९९० मध्ये अमेरिकी गायक पॉल सायमनच्या गाण्यात ओलोदुमचे ढोल वाजले, १९९६ मध्ये मायकल जॅक्सन त्यांच्यासोबत नाचून गेला. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती १९९३ची घटना. कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिली धर्मात पवित्र ढोल पुरुषांनीच वाजवायचे, अशी जुनी रीत. शहरातल्या ढोलपथकांतही पुरुषांचाच वरचष्मा. नेगिन्यो यांनी 'दिदा' हे फक्त स्त्रियांचं पथक उभं केलं आणि तोच जड सुर्दो त्यांच्या कमरेला बांधला. डावललेल्यांच्या या तालातही कुणीतरी डावललं जात होतं, हे त्यांना दिसलं, आणि दिसल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत.