मजुरी पैशाने की ज्वारीने?

ठरल्याप्रमाणे पैसे मोजून दिले, म्हणजे देणारा न्यायाच्या ऋणातून मुक्त झाला काय? या प्रश्नास बहुतेक लोक तत्काळ ‘होय’ असे उत्तर देतील. परंतु गेल्या शतकात वीस वर्षांच्या आत वऱ्हाडातील खेड्यांवर दोन संकटे अशी आली की, त्यांनी या उत्तराची चांगलीच पारख केली. पहिले १९२९ नंतरच्या मंदीचे आणि दुसरे १९३९ साली सुरू झालेल्या महायुद्धाचे.

वाचकांनी क्षणभर केनवड डोळ्यांपुढे आणावे. हे गाव आज वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात मोडते; त्या काळी वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच एक तालुका होता. काळी जमीन, पावसाच्या भरवशाची शेती, विकावयास कापूस आणि खावयास ज्वारी, अशी या मुलखाची रीत. न्यूयॉर्कच्या पेढ्या बुडाल्या अथवा ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडला, तर असल्या गावच्या चुलीचा त्याच्याशी संबंध तो काय, असे कोणासही वाटावे. संबंध होता, आणि तो रुपयाच्या वाटेने येत होता.

मंदी आली तेव्हा शेते पिकत नव्हती असे नव्हे. पाऊस पडत होता, बोंडे फुटत होती. गिऱ्हाईक मात्र नव्हते. वऱ्हाडचा कापूस दूरदूरच्या गिरण्यांकडे जाणारा. तिकडची मागणी आटली आणि दोनतीन वर्षांत शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सरकारी सारा मात्र तीस तीस वर्षांसाठी बांधलेला व रोख भरावयाचा, सावकाराचे व्याजही रोख. ज्याने १९२८ साली शंभर रुपये कर्ज काढले, त्याला १९३१ साली तेच शंभर फेडावयास दुप्पट कापूस गाडीत घालावा लागे. घरी ज्वारी होती. मीठ, तेल, कापड आणण्यास पैसा नव्हता. लुगड्याला ठिगळ, त्या ठिगळाला पुन्हा ठिगळ, आणि शेवटी त्याची गोधडी. तरोट्याची भाजी आणि ज्वारीच्या कण्या यांवर कित्येक घरांनी दिवस काढले. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने आपल्या चलनाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, तेव्हा येथे सोन्याचा भाव चढला. गावोगावच्या बायकांच्या अंगावरचे डागिने सराफाच्या तागडीत गेले व मुंबईच्या बंदरातून विलायतेस रवाना झाले. त्यास कोणी सोन्याचा व्यापार म्हणाले. आम्हांस तो व्यापार म्हणवत नाही. गळ्यातली पोत कोणी हौसेने विकत नसते.

त्या वेळी सावकाराचे बोलणे काय होते? ‘कागदावर आहे तेवढेच मागतो, एक पै अधिक नाही.’ बोलणे अक्षरशः खरे होते. त्यात लबाडी नव्हती, खोटा हिशेब नव्हता. तरी कुणब्याच्या मनाने ते अन्यायाचे ठरवले, आणि सरकारासही अखेरीस तसेच वाटू लागले असावे. कारण मध्यप्रांतात १९३३ साली कर्जाच्या तडजोडीचा कायदा झाला. कागदावरचा आकडा तोच राहिला, पण त्या आकड्याखालचे ओझे वाढले, हे त्या कायद्याने एक प्रकारे कबूल केले.

आता दहा वर्षे पुढे चला. सरकारने लढाईसाठी माल खरेदी करावा, त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या खाती जमा व्हावी आणि येथे तेवढ्या नोटा छापल्या जाव्यात, असा प्रकार सुरू झाला. १९३९ साली देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. १९४५ च्या अखेरीस त्या १,२०० कोटींच्या आसपास गेल्या. १९४२ साली ब्रह्मदेश पडला, तेव्हा तिकडचा तांदूळ बंद झाला आणि राकेलही बंद झाले. कंदील खुंटीला लागले, आणि जवसाच्या वा करडईच्या तेलाच्या पणत्या पुन्हा कोनाड्यांत आल्या. तांब्याची इतकी ओढ की १९४३ साली मध्ये भोक पाडलेला पैसा निघाला. पुढे पोरांनी तो दोऱ्यात ओवून कमरेला बांधला. त्याच वर्षी घाऊक भाव लढाईपूर्वीच्या दुपटीवर गेले. मंदीत माल होता आणि पैसा नव्हता; आता पैसा दिसू लागला आणि माल दिसेनासा झाला.

ज्याच्या पेवात ज्वारी होती, त्याचा काळ फिरला. पूर्वी ज्या शंभर रुपयांपायी गाडीभर कापूस जात होता, ते आता थोडक्या मालात फिटू लागले. वर्षानुवर्षे लटकलेली गहाणखते कित्येकांनी सोडवून आणली, आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु याच शेतकऱ्याच्या बांधावर निंदणीस येणाऱ्या बाईकडे पाहावे. समजा, तिचे दिवसाचे दोन आणे ठरले आहेत. त्या दोन आण्यांत पूर्वी जितकी ज्वारी येत असे, तिच्या निम्मीही आता येत नाही. ती मालकास तसे सांगते. मालक म्हणतो, ‘ठरले तेवढे देतो, एक पै कमी नाही.’

सावकाराचेच हे वाक्य! बोलणारा तेवढा बदलला. १९३१ साली जे वाक्य ऐकून ज्याचे काळीज जळाले, तोच १९४३ साली ते निश्चिंत मनाने उच्चारतो. आणि आपण काही वावगे बोललो, असे त्याच्या ध्यानीही येत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनेही बोलणे आहे, ते ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल, ‘मंदीत ज्वारी मातीमोल होती, तेव्हा मी पायलीने मजुरी दिली. मजूर पोटभर जेवला. मी मात्र साऱ्यापायी बैल विकला. तेव्हा माझी कीव कोणी केली? आता चार पैसे दिसू लागले, तर कापड मिळत नाही आणि सरकार धान्य मागते.’ यात पुष्कळ सत्य आहे. मात्र त्यातच त्याचा पेच उघडा पडतो. ज्वारी स्वस्त असता मजुरी ज्वारीने आणि ज्वारी महाग होताच पैशाने, असे झाल्यास दोन्ही वेळा माप निवडणारा एकच मनुष्य असतो. नुकसान सोसलेल्याने ते भरून घ्यावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण ज्याने त्याचे नुकसान केलेच नाही, त्याच्या भाकरीतून ते भरून घेण्याचा अधिकार कोठून आला?

डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या विवेचनाचा रोख असा की, रुपयाची खरी किंमत त्यात किती वस्तू येतात यावर पाहावी. भाव चढले आणि मजुरी मागे राहिली, तर झळ श्रम करणाऱ्यास लागते. त्यानंतर वीस वर्षांनी बंगालात त्याचा भयंकर प्रत्यय आला. १९४३ च्या तेथील दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत आहेत. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, धान्य किती पिकले एवढ्यावर हा मृत्यू अवलंबून नव्हता. शेतमजूर, कोळी अशा लोकांच्या मिळकतीत ते धान्य येईना, म्हणून ते मेले. आमच्या वऱ्हाडात तसा प्रलय झाला नाही, हे खरे. हिशेबाची रीत मात्र तीच होती.

तर मग मजुरी नेहमी धान्यानेच द्यावी, असे म्हणावे काय? तेही सरळ नाही. धान्य देणाराच माप भरतो. पायली दाबून भरता येते, तशी हलक्या हाताने उडवूनही भरता येते. किडीची, भिजलेली, पेवाच्या तळची ज्वारी मजुराच्या पदरात घालता येते. शिवाय ज्वारीने मीठ, औषध, मुलाची पाटी मिळत नाही. त्यासाठी मजुराने तीच ज्वारी दुकानदाराकडे न्यावी आणि तेथे पुन्हा मापात मार खावा. पैसा मोजता येतो, तो लपत नाही. त्याचा हा गुण लहान नव्हे.

या दृष्टीने सालदाराच्या जुन्या कराराकडे आम्ही आदराने पाहतो. तो कोणा पंडिताने रचलेला नव्हता. पाडव्याला साल ठरे, तेव्हा थोडे रोख, महिन्याची ज्वारी, धोतरजोडी, घोंगडी, पायांत जोडा, असे बोलणे होई. पोटाचे धान्याने, पाठीचे कापडाने आणि उरलेले पैशाने. भाव चढो वा पडो, माणसाचे पोट व पाठ तेवढीच राहते, एवढे त्यात धरलेले होते. सालदाराचे जिणे सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांचे साल आगाऊ घेतलेल्या कर्जातच बुडून जाई, आणि मालक सोडावयाचा झाला तर आधी ते कर्ज आडवे येई. तरी मंदीत ज्वारीच्या अटीने त्याला तारले. लढाईत मालकाला जड झाली ती कापडाची अट. १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आले. धोतरजोडी मिळेना, म्हणून तिच्याऐवजी जुन्या भावाचे पैसे गड्याच्या हातावर ठेवले, तर कराराचा शब्द राहिला असे मालकास वाटे. आणि गडी ते पैसे घेऊन रिसोडच्या बाजारात गेला, तर त्यात एक धोतरही येणे कठीण होते.