सामाईक कणगीतलं दातृत्व

खानदेशात मोठ्या घरातला म्हातारा गेला की दहाव्याला आलेली माणसं साधारण एकच बोलतात. दिलदार माणूस होता, गोतावळा जपला, दारातून कोणी उपाशी गेलं नाही. हे खोटं नसतं. अशा घराची बैठक दिवसभर भरलेली असे. परगावचा सोयरा, तलाठी, घोडे घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेला ओळखीचा माणूस, सगळ्यांना चहा आणि बहुतेकांना जेवण. अशा माणसाचं नाव घराबाहेरही पोचतं. सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या पत्त्यातलं पुरुषोत्तमनगर हे नाव पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरानगरच्या नावात नदी आहे, इथे तापी आणि गोमाई दोन्ही जवळ असून नावात माणूस आहे. या कारखान्याचे संस्थापक पुरुषोत्तम ऊर्फ पी. के. अण्णा पाटील; शहादा तालुक्यात नुसतं ‘अण्णा’ म्हटलं तरी पुरतं.

एवढं सगळं देणारा माणूस देतो ते कोणाचं, हा प्रश्न मात्र दहाव्याला कोणी काढत नाही. धर्मशास्त्राने तो फार पूर्वी काढला होता. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. तिच्या मते कुळाची मिळकत एकट्या वडिलांची नाही, मुलाचा हक्क जन्मानेच लागतो. कर्त्याने स्थावराला हात लावायचा तो संकटात, कुटुंबासाठी किंवा धर्मकार्यासाठी. म्हणजे बैठकीत बसून उदारपणे देणारा हात सामाईक कणगीतून देत होता. गंमत अशी की याच परंपरेतून आलेल्या हिंदू कायद्यात, अफरातफर झाल्याशिवाय कर्त्याकडे मागच्या खर्चाचा हिशेब मागता येत नाही. वाटणीच्या दिवशी जे शिल्लक असेल त्यावर भांडायचं. अधिकाराला मर्यादा आणि हिशेबाला माफी, अशा जोडीवर आपला कुटुंबप्रमुख शतकानुशतके उभा राहिला.

त्या कणगीत भर कोण घालत होतं, हे मिताक्षरा विचारत नाही. अवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी खापरावर मांडे भाजणाऱ्या बाईला आतिथ्याचं श्रेय मिळालेलं मी फारसं ऐकलं नाही. तिच्या लेकीला महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली सहदायिकी मिळाली. तोवर घराच्या मिळकतीत तिचा जन्मसिद्ध वाटा नव्हता. आणि शेतावर सालदार होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं साल ठरायचं, आगाऊ पैसे मिळायचे, ते फिटेपर्यंत पुढची आखाजी यायची. सणाला मालक त्याला धोतर द्यायचा, पोराच्या लग्नाला धान्य द्यायचा. मालकाच्या आठवणीत ते दातृत्व असे. सालदाराच्या हिशेबात कदाचित ती थकलेली मजुरी असेल.

1972 च्या सुमाराला हा दुसरा हिशेब शहाद्यात मोठ्याने मांडला गेला. अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने भिल्ल शेतमजूर एकत्र आले, श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत द्या, सालदाराला रास्त मजुरी द्या, अशा मागण्या होत्या. बायका दारूच्या भट्ट्या फोडत होत्या. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा 1974 चा आहे. त्याची अंमलबजावणी हा वेगळ्या लेखाचा विषय. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते मागणं बदललं हे. मालकाने दया करावी असं कोणी म्हणत नव्हतं, सगळे आमचं आम्हाला द्या असं म्हणत होते. उदार मालकालाही हे लागलं असणार, किंबहुना उदार मालकालाच जास्त.

सहकाराने हाच बदल बागायतदारांच्या बाजूने, बिनभांडणाचा करू पाहिला होता. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950 च्या आसपास शेतकऱ्यांचा कारखाना चालू करून दाखवला, आणि पुढे ही कल्पना राज्यभर गेली. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कर्त्याला जो हिशेब विचारता येत नाही तो चेअरमनला वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारता येतो. कागदावर कुटुंबप्रमुख इथे संपायला हवा होता. प्रत्यक्षात तो मोठा झाला. राज्यात ठिकठिकाणी उसाच्या बिलातून टनामागे कपात होऊन शाळा-कॉलेजं उभी राहिली आणि सभासद म्हणाले, अमक्या दादांनी, तमक्या अण्णांनी कॉलेज दिलं. स्वतःच्या पैशाला स्वतःच दान म्हणणारा दाता दुसरीकडे क्वचितच सापडेल!

तरी मी ही भाषा नुसती भाबडी मानत नाही. कणगी सामाईक असली तरी ती उघडावी असं कोणाला तरी वाटावं लागतं, आणि दहा गावच्या माणसांनी ऊस व विश्वास एका ठिकाणी आणून टाकावा यासाठी आधी वर्षानुवर्षं कोणाची तरी बैठक उघडी असावी लागते. लोकसंग्रह हे भांडवलच होतं, ताळेबंदात न दिसणारं. पी. के. अण्णांनी शहाद्यात शिक्षणसंस्था काढली तिचं नाव पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळ. गावच्या पाटलाने काढलेली संस्था, आणि नाव अमळनेरच्या अशा शिक्षकाचं ज्याने घर मांडलं नाही, मिळकत जमवली नाही, अस्पृश्यांना विठ्ठलमंदिर उघडावं म्हणून 1947 साली पंढरपुरात उपोषण केलं. वडीलपणाचे हे दोन नमुने एका पाटीवर आले, हे मला आवडतं.

सभासदाची मुलगी त्या पाटीखालून कॉलेजात गेली. वडिलांचा शेअर आणि शेत आपल्याही नावावर हवं, हे ती आता कायद्याने म्हणू शकते. पण ऊस तोडणाऱ्याकडे शेअर नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, ती फिटेपर्यंत हंगाम. सातपुड्यातली हजारो माणसं दरवर्षी उचल घेऊन गुजरातेतल्या कारखान्यांच्या फडावर जातात, बारडोली-सुरतच्या भागात. आखाजीच्या सालाची ही धाकटी बहीणच. वार्षिक सभेच्या अहवालात त्यांची नोंद तोडणी-वाहतूक खर्चात असते, आणि त्या आकड्याबद्दल प्रश्न विचारायला सभागृहात त्यांच्यापैकी कोणी नसतं.