ज्याचे सुतक नसते

आमच्या घरी भाकऱ्या झाल्यावर परातीत जे थोडे पीठ उरे, त्याची चानकी तांबूसाठी असे. तेरा वर्षे हा नेम चुकला नाही. तांबू गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी आईने सवयीने ती चानकी थापली, तव्यावर टाकली, दोन्ही बाजूंनी शेकली आणि टोपलीच्या कडेला निवत ठेवली. मग तिच्या लक्षात आले. दिवसभर ती भाकरी तिथेच राहिली. कोणी तिला हात लावला नाही, कोणी काही बोललेही नाही. रात्री अण्णांनी ती दुधात कुस्करली आणि खाल्ली.

२०१० च्या पावसाळ्यात साताऱ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मोरीपाशी भिजत बसलेले हे तांबूस रंगाचे गावठी पिल्लू अण्णांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणले. त्याच्या आयुष्यात सांगण्याजोग्या घटना फारशा नाहीत. पहाटे तो अण्णांबरोबर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाई, दुपारी उंबऱ्याला टेकून झोपे आणि दिवाळीचे चार दिवस पलंगाखाली काढी. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने खाणे सोडले. रक्त तपासले तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे कळले.

त्यानंतरचे सात आठवडे आम्ही त्याला घरीच सलाईन दिले. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग खिडकीच्या गजाला टांगायची. दोन्ही खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली सुई सरकवायची. कातडीखाली पाण्याचा उंचवटा धरे आणि तासाभरात तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरे. सुई टोचताना तांबू एकदाच मान वळवून बघे आणि पुन्हा अण्णांच्या मांडीवर हनुवटी टेकवी. त्याला उपचार कळत नव्हता, आजारही कळत नव्हता. जे चालले आहे ते आपल्या माणसांच्या हातून चालले आहे, एवढेच त्याला कळत असावे. तेवढ्यावर तो सुई सोसत होता.

अखेरीस डॉक्टर म्हणाले, "आता त्याला फार त्रास होतोय. सोडवायचं का, ते तुम्ही ठरवा." आम्ही ठरवले. संमतिपत्रावर सही मी केली. टेबलाशी अण्णा त्याचे डोके दोन्ही तळव्यांत धरून उभे राहिले. मी मात्र बिल भरायचे आहे असे सांगून बाहेर गेलो. ते बिल नंतरही भरता आले असते.

संध्याकाळी मामांच्या शेतात, बांधावरच्या करंजाखाली आम्ही त्याला पुरले. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. चेहरा पाहून कोणी विचारले, मी सांगितले. "अरेरे, किती वर्षांचा होता?" आणि मग, "दुसरा आणा एखादा, घर भरल्यासारखं वाटेल." बोलणाऱ्यांच्या मनात सद्भावच होता, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या आठवड्यात सुतकाचा अर्थ मला नव्याने उमगला. दहा दिवसांचा तो विधिनिषेध शोकाकुल माणसाला सांगतो की तुला आता नेहमीसारखे वागायची गरज नाही, आणि गावाला सांगतो की या घराशी काही दिवस जपून बोला. शोक त्याने कमी होत नाही, पण त्याला बसायला जागा मिळते. तांबूच्या शोकाला अशी जागा नव्हती. म्हणून तो भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी उभा राही: पहाटे पाच वाजता दाराच्या कडीशी, परातीत, दुधाच्या पातेल्यापाशी.

माझ्या आजीचा दहावा संगम माहुलीला झाला, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. कृष्णा-वेण्णेच्या त्या संगमावर छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे आणि त्यांच्या खंड्या या कुत्र्याचीही आहे. शिकारीत वाघापासून प्राण वाचवल्याबद्दल महाराजांनी आपल्या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिल्याचे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. एका बाजूला आजीचे पिंड ठेवलेले, आणि जवळच एका कुत्र्याचे दगडी स्मारक. त्या वयात मला त्यात विसंगत असे काही वाटले नाही. पुढे कळले की श्राद्धाच्या पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर श्वानाचाही घास असतो. माणसाच्या मरणात कुत्र्याला वाटा आहे. कुत्र्याच्या मरणात माणसाने काय करावे, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

या शोकात अपराधभाव मिसळलेला असतो, हे मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. वडीलधाऱ्या माणसाचे आपण मरण पाहतो. इथे आपण ते ठरवलेले असते, आणि ज्याच्याविषयी ठरवले त्याला विचारता आलेले नसते. अशा वेळी महाभारतातला महाप्रस्थानाचा प्रसंग हमखास आठवतो. पण त्यातला कुत्र्यावरच्या प्रेमाचा भाग मला तितका महत्त्वाचा वाटत नाही, जितका युधिष्ठिराचा युक्तिवाद वाटतो. भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडून आलास, मग या कुत्र्यालाच का सोडत नाहीस, असे इंद्र विचारतो. युधिष्ठिर उत्तर देतो की ते मृत झाले होते, मृतांशी ना संधी ना विग्रह. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही. हे उत्तर कठोर आहे. कर्तव्याची सीमा ते मृत्यूपाशी आखते आणि सगळा भार त्याच्या अलीकडच्या काळावर टाकते. या कसोटीवर मी स्वतःला तपासले. सात आठवड्यांच्या सुया, रात्रीची जागरणे, पुसलेली फरशी, यांत मी उतरतो. शेवटच्या पाच मिनिटांत उतरत नाही. तांबू तेव्हा जिवंत होता.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर पुरलेले एक कुत्र्याचे पिल्लू, असे अवशेष सापडले. ते सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पिल्लाच्या दातांच्या अभ्यासातून पुढे असे दिसले की त्याला डिस्टेंपरसारखा गंभीर आजार झाला होता आणि कोणी शुश्रूषा केल्याशिवाय ते इतके आठवडे जगले नसते. त्या आजारात ते शिकारीच्या किंवा राखणीच्या उपयोगाचे नव्हते. तरीही कोणीतरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली, घाण पुसली. हे वाचले तेव्हा मला खिडकीच्या गजाला टांगलेली सलाईनची पिशवी आठवली.

अण्णा आता पहाटे एकटेच फिरायला जातात, वाट तीच आहे. आई उरलेल्या पिठाची चानकी अजूनही करते. ती गल्लीतल्या एका लंगड्या कुत्रीला जाते. तिला आम्ही नाव ठेवलेले नाही.

आपल्या घरीही एखादे जनावर म्हातारे झाले असेल, तर आपल्याला एवढीच विनंती आहे. तो दिवस आला आणि कागदावर सही करावी लागली, तर त्यानंतर खोलीबाहेर जाऊ नका. त्याच्या डोक्याखाली ओळखीचा हात असू द्या. बिल नंतर भरता येते.