चूल कोणाची?

नंदगडच्या बाजूला पावसाळ्यात भाताची लावणी सुरू झाली की नवरा चिखलणीला आणि बायको रोप लावायला, अशी दोघेही दिवसभर चिखलात असतात. संध्याकाळी एकाच बांधावरून घरी येतात. तो कट्ट्यावर टेकतो. ती चुलीपुढे बसते. ‘पुरुषाने बाहेर राबावे, बाईने घर पाहावे’ ही वाटणी मग राहिली कोठे?

ही गोष्ट आपल्याच भागाची नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ८८, असे दिसून आले.

कधी हात लावलाच तर आपण म्हणतो, ‘मी तिला मदत केली.’ मदत दुसऱ्याच्या कामात करतात. जेवणारी दोघे, तर काम एकटीचे कसे?

योहानाचा एकविसावा अध्याय उघडून पाहा. रात्रभर राबलेले शिष्य किनाऱ्याला लागतात, तो निखारे फुललेले, वर मासळी, जवळ भाकर! मरणावर जय मिळविलेल्या प्रभूला शिष्यांसाठी न्याहारी करण्यात कमीपणा वाटला नाही.

प्रत्येक घरी वाटणी सारखीच असावी असे नाही. शक्ती व सवड पाहून दोघांनी ती ठरवावी. केवळ रिवाजाने ठरू देऊ नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, प्रीतिभोजनानंतर ताटे घासायला मुलींनाच हाक मारू नका. मुलगा तेथे जे शिकेल, तेच उद्या आपल्या संसारात करील.